एक तालीम, दोन जोड्या

2011 ची जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धा खरं तर टोकियोत व्हायची होती. मार्चमधल्या भूकंप आणि त्सुनामीनंतर ती मॉस्कोला हलवली आणि एप्रिलच्या अखेरीस कशीबशी पार पडली. जोडीने करायच्या आइस डान्स या प्रकारात सुवर्ण अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांना मिळालं, रौप्य कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर यांना, आणि कांस्य पुन्हा अमेरिकेच्याच माया आणि ॲलेक्स शिबुतानी या बहीणभावाला. आइस डान्स ऑलिंपिकमध्ये आला 1976 साली. तेव्हापासून 2006 पर्यंतच्या नऊ सुवर्णांपैकी सात सोव्हिएत किंवा रशियन जोड्यांनी नेलेली. त्यांच्याच राजधानीत व्यासपीठावर एकही रशियन नव्हता. आणि गंमत म्हणजे पदक घेणाऱ्या तिन्ही जोड्या रोज सकाळी एकाच बर्फावर उतरणाऱ्या होत्या: डेट्रॉइटजवळच्या कँटन गावातला ‘आर्क्टिक एज’ हा रिंक. प्रशिक्षकही तेच दोघे, मारिना झुएव्हा आणि इगोर श्पिलबँड. दोघंही मॉस्कोतच घडलेले.

इथलं प्रकरण टेसा आणि स्कॉटचं आहे. त्यांच्याकडे ऑलिंपिकची पाच पदकं आहेत, तीन सुवर्ण आणि दोन रौप्य. 2018 मध्ये ही संख्या गाठली तेव्हा फिगर स्केटिंगमध्ये इतकी पदकं कुणाकडेच नव्हती. पण पदकांची मोजदाद इथं कामाची नाही. मला कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं आहे. या जोडीने आपली जवळजवळ सगळी मोठी वर्षं आपल्या सगळ्यात तगड्या प्रतिस्पर्ध्यासोबत, त्याच बर्फावर, त्याच गुरूच्या हाताखाली काढली. तेही दोनदा. पहिल्यांदा कँटनमध्ये, नंतर मॉन्ट्रियलमध्ये. पहिल्या खेपेचा शेवट रौप्य आणि मनातल्या किल्मिषाने झाला, दुसऱ्या खेपेचा सुवर्णाने. व्यवस्था वरवर तीच होती, मग बदललं काय?

कुस्तीतल्या माणसाला हा पेच सांगावा लागणार नाही. तालमीत तोलामोलाची जोड मिळाल्याशिवाय पैलवान तयार होत नाही. पण कोल्हापूरकडे एकाच वस्तादाच्या दोन पठ्ठ्यांची कुस्ती मैदानात शक्यतो लावत नाहीत. वस्तादाने कुणाच्या बाजूला उभं राहायचं? आइस डान्समध्ये ही सोय नाही. अंतिम फेरी लागते ती लागतेच, आणि वस्ताद कठड्यापाशी उभा राहून आधी एका जोडीला पाणी देतो, मग दुसऱ्या.

खेळ कसा चालतो

आइस डान्सचा सख्खा शेजारी म्हणजे पेअर्स. त्यात पुरुष जोडीदारणीला डोक्यावर उचलतो, लांब भिरकावतो, दोघं हवेत दोन-तीन गिरक्यांच्या उड्या घेतात. आइस डान्समध्ये यातलं काहीच चालत नाही. उचलायचं ते मोजक्या सेकंदांसाठी, आणि उचलणाऱ्याने हात आपल्या डोक्याच्या वर न्यायचे नाहीत. मोठ्या उड्या नाहीतच. मग उरते पात्याची कड. प्रत्येक पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा. कोणत्या ठोक्याला कोणत्या कडेवर असायचं, किती खोल झुकायचं, जोडीदाराशी अंतर किती ठेवायचं, यावर सगळं ठरतं. ट्विझल नावाचा एक घटक असतो: एका पायावर भिंगरीसारखं फिरत पुढे सरकत जायचं, दोघांनी शेजारी शेजारी, एका वेगाने. त्यात अर्ध्या ठोक्याची चूक झाली तर ती गॅलरीतल्या पोरालाही दिसते. बाकीच्या बहुतेक चुका मात्र फक्त तांत्रिक पॅनलला दिसतात. पॅनल प्रत्येक घटकाला पातळी देतं, सगळ्यात वरची चौथी. परीक्षक सफाईला आणि एकूण सादरीकरणाला गुण देतात.

म्हणजे बघा, वरच्या चार जोड्यांपैकी सहसा कुणी पडत नाही. टीव्हीसमोर बसलेल्याला चारही जोड्या सारख्याच सुंदर दिसतात. पदक ठरतं ते त्याला न दिसलेल्या फरकावर. त्यामुळे प्रशिक्षकाचं वजन या खेळात भलतंच वाढतं. संगीत तो सुचवतो, नृत्य बसवतो किंवा बसवून घेतो, पोशाखावर नजर त्याची, या वर्षी परीक्षकांना काय भावेल हा अंदाजही त्याचाच. असे प्रशिक्षक जगात मोजके. म्हणून वेगवेगळ्या देशांच्या जोड्या त्यांच्याकडे गोळा होतात आणि एकाच सत्रात चार-पाच जोड्या बर्फावर फिरत असतात. तिथला शिरस्ता साधा आहे: ज्यांचं संगीत लागलं असेल त्यांना वाट द्यायची, बाकीच्यांनी कडेने जायचं. तुमच्या प्रतिस्पर्ध्याचं नृत्य तुम्हाला पाठ होतं, कुठे त्याचा श्वास फुलतो हे कळतं. त्यालाही तुमचं कळतं.

इल्डर्टन ते कँटन

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात लंडन नावाचं शहर आहे आणि त्याच्या जवळ इल्डर्टन हे खेडं. तिथल्या स्केटिंग क्लबात स्कॉटची आई आणि मावशी दोघी शिकवायच्या. मावशी कॅरोल मॉयर हिने 1997 मध्ये 9 वर्षांच्या भाच्याच्या हातात 7 वर्षांच्या टेसाचा हात दिला. दोन वर्षांनी टेसाला टोरांटोच्या राष्ट्रीय बॅले शाळेत जाण्याची संधी आली. तिने ती सोडली. आइस डान्समध्ये मुलींची रांग असते आणि मुलगे सापडत नाहीत. चांगला जोडीदार मिळालेली मुलगी त्याला सोडून जात नाही. हा हिशेब त्या वयात तिने केला होता की नुसता जीव रमला होता, ते तिचं तिला माहीत.

योगायोग असा की त्याच 1997 मध्ये सीमेपलीकडे मिशिगनमध्ये मेरिल आणि चार्ली यांची जोडी जुळली. ते दोघंही 1987 चे, स्कॉटही 1987 चा, टेसा 1989 ची. एकाच पिढीच्या दोन जोड्या. 2004 मध्ये 15 वर्षांची टेसा आणि स्कॉट कँटनला गेले. 2006 च्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत टेसा-स्कॉट पहिले, मेरिल-चार्ली तिसरे.

कँटनमध्ये तेव्हा थोरली जोडी होती टॅनिथ बेलबिन आणि बेन अगोस्टो, 2006 च्या ट्युरिन ऑलिंपिकचे रौप्यविजेते. 2008 च्या वसंतात त्यांनी कँटन सोडलं आणि पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या प्रशिक्षकांकडे गेले. व्हँकुव्हर ऑलिंपिकला दोन वर्षंही उरली नव्हती. मागून दोन तरुण जोड्या धडका देत असताना जम बसलेली जोडी तालीम सोडते, यातून पुढचं बरंच काही वाचता आलं असतं. पण वर चढत असलेल्याला मागे बघायला फुरसत कुठे असते.

नडगीचं दुखणं

2008 च्या मार्चमध्ये टेसा आणि स्कॉट जागतिक स्पर्धेत दुसरे आले. त्याच शरदात टेसाच्या नडग्यांनी दगा दिला. तिला झालेल्या विकाराचा ढोबळ अर्थ असा: पायाच्या स्नायूंभोवती एक घट्ट आवरण असतं. व्यायामाने स्नायू फुगतात, आवरण मात्र ताणत नाही. आत दाब वाढतो, रक्त नीट फिरत नाही, पाय आधी दुखतो आणि मग बधिर होतो. थांबलं की उतरतं. पण स्केटरने थांबायचं कुठे? आइस डान्समध्ये गुडघा सतत वाकलेला आणि वजन सतत एका कडेवर, म्हणजे या दुखण्याला आयतं निमंत्रण. ऑक्टोबर 2008 मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्यात ते आवरण कापून मोकळं करतात.

आता स्कॉटकडे बघा. जोडीदारीण घरी, मोसम सुरू, आणि एकट्याने आइस डान्स करता येत नाही. त्याने काय केलं? हॉकीच्या काठ्या आणि वाळूच्या पिशव्या घेतल्या. काठ्या धरून नृत्यातली पकड घेतल्यासारखे हात ठेवायचे आणि टेसाच्या वाटणीची जागा मोकळी ठेवून पूर्ण नृत्य करायचं. उचलायचा सराव करायचा तो वाळूच्या पिशव्यांवर. मला या सगळ्या कारकिर्दीतलं सर्वांत बोलकं दृश्य हेच वाटतं. आजूबाजूला मेरिल-चार्लीसकट बाकीच्या जोड्या फिरताहेत, संगीत लागतंय, आणि हा गडी वाळूच्या पिशवीशी नाचतोय.

त्याहून वाईट पुढे आहे. जवळजवळ दोन महिने या दोघांनी एकमेकांशी धड बोलणंच केलं नाही. पुढे दोघांनीही हे उघडपणे सांगितलं. भांडण झालं नव्हतं. तिला वाटत होतं आपल्यामुळे त्याचा खोळंबा होतोय, त्याला काय बोलावं कळत नव्हतं, आणि मधे कुणी मोठ्या माणसाने पडून दोघांना समोरासमोर बसवलं नाही. जानेवारी 2009 मध्ये ती परत उभी राहिली, त्यांनी कॅनडाची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, मार्चमध्ये जागतिक कांस्य आणलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, झालं सगळं ठीक. अबोला मात्र दोघांच्या मनात साचून राहिला होता आणि तो उपसायला बराच काळ लागला.

हे इथं एवढं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. पायाला डॉक्टर होता, कडांना आणि नृत्याला प्रशिक्षक होते, पण जोडी म्हणून त्यांचं जे काही चाललं होतं त्याकडे बघणारं कुणी नव्हतं. कँटनची ही उणीव तेव्हा यशाखाली झाकली गेली.

कारण यश लगेचच आलं, आणि दणक्यात आलं. फेब्रुवारी 2010 मध्ये व्हँकुव्हरला, घरच्या प्रेक्षकांसमोर, माहलरच्या पाचव्या सिंफनीतल्या संथ भागावर त्यांनी मुक्त नृत्य, म्हणजे स्पर्धेचा शेवटचा भाग, केलं आणि 221.57 गुणांनी सुवर्ण घेतलं. टेसा 20 वर्षांची, स्कॉट 22 चा. आइस डान्सचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी उत्तर अमेरिकेतली ही पहिली जोडी आणि एकूण सर्वांत तरुणही. रौप्य मेरिल-चार्लीला, 215.74. दोन्ही पदकं कँटनच्या खात्यात. त्या दिवशी कुणी म्हटलं असतं की ही व्यवस्था चुकीची आहे, तर त्याला वेड्यातच काढलं असतं.

जून 2012

ऑक्टोबर 2010 मध्ये टेसाच्या पायांवर दुसरी शस्त्रक्रिया झाली. बहुतेक मोसम वाया गेला, आणि मॉस्कोची ती स्पर्धा त्या मोसमात त्यांनी पूर्ण केलेली पहिलीच. त्यात मेरिल-चार्ली जिंकले, अमेरिकेचं आइस डान्समधलं पहिलं जागतिक अजिंक्यपद. 2012 ला फ्रान्समधल्या नीसमध्ये टेसा-स्कॉटने ते परत घेतलं. इथवर दोन तुल्यबळ जोड्यांचं आलटूनपालटून चाललं होतं.

मग जून 2012 मध्ये आर्क्टिक एजने श्पिलबँडला काढलं. 1990 मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर आला असताना सोव्हिएत संघात परत न गेलेला हा माणूस, डेट्रॉइटच्या परिसरात आइस डान्स ज्यांनी रुजवला त्यांतला एक. तो जवळच्याच नोव्ही गावात गेला, काही जोड्या त्याच्याबरोबर गेल्या. मेरिल-चार्ली आणि टेसा-स्कॉट या दोघांनीही झुएव्हाकडेच राहायचं ठरवलं.

माझ्या मते या प्रकरणातला कळीचा क्षण हाच. 2014 च्या सोची ऑलिंपिकला वीस महिने उरले होते. टेसा-स्कॉटपुढे तीन वाटा होत्या. श्पिलबँडबरोबर जायचं, कॅनडात परतून नवं काहीतरी उभं करायचं, किंवा आहे तिथंच थांबायचं. त्या वेळच्या माहितीवर थांबणंच शहाणपणाचं दिसत होतं, मीही तेच केलं असतं. ऑलिंपिकच्या तोंडावर कुणी गुरू बदलत नाही. पण एक हिशेब सुटला. आधी दोन जोड्यांमागे दोन प्रशिक्षक होते. एक नाराज झाला तर दुसऱ्याकडे जाता येत होतं, एका स्पर्धेला एक आणि दुसऱ्या स्पर्धेला दुसरा अशी विभागणी करता येत होती. आता दोन जोड्यांमागे मुख्य प्रशिक्षक एकच. तालीम तीच राहिली, वस्ताद अर्धे झाले.

2013 ची जागतिक स्पर्धा ऑन्टारिओतल्या लंडनमध्येच होती, म्हणजे टेसाच्या गावात आणि स्कॉटच्या अंगणात. तिथं मेरिल-चार्ली जिंकले. डिसेंबर 2013 ला फुकुओकात ग्रांप्री या मोसमी स्पर्धामालिकेच्या अंतिम फेरीत पुन्हा मेरिल-चार्ली, त्यांचं हे सलग पाचवं. जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा बॉस्टनला, कॅनडाची ऑटावाला, आणि तारखा एकमेकींवर चढलेल्या. एक बाई दोन शहरांत असू शकत नाही. सोचीच्या सुमाराला स्कॉटने बोलून दाखवलं की या मोसमात मारिना आपल्या पाठीशी नाही असं काही वेळा वाटलं. झुएव्हाचं म्हणणं कायम एकच, दोघांना सारखंच दिलं. तिचं खोटं मानायला माझ्याकडे काहीही आधार नाही. आणि तरी स्कॉटचं वाटणंही खरंच होतं. आईने दोन्ही पोरांना समान वाढलं तरी ताटं शेजारी शेजारी असली की नजर दुसऱ्याच्या ताटाकडे जातेच.

सोचीत 16 फेब्रुवारीला शॉर्ट डान्स, म्हणजे स्पर्धेचा पहिला, नेमून दिलेल्या नृत्याचा भाग झाला. त्या वर्षी सगळ्यांनी ‘फिनस्टेप’ करायचा होता, फिनलंडच्या सुझाना राहकामो आणि पेट्री कोक्को यांच्या नृत्यावरून ठरवलेला, क्विकस्टेपच्या अंगाचा उडता प्रकार. त्यातल्या एका भागात टेसा-स्कॉटला चौथीऐवजी तिसरी पातळी मिळाली. मेरिल-चार्ली 78.89, टेसा-स्कॉट 76.33. नृत्याचा जनक पेट्री कोक्कोने ट्विटरवर जाहीरपणे लिहिलं की हे गुणदान आपल्याला कळत नाही, आघाडीवर टेसा आणि स्कॉट असायला हवे होते. दुसऱ्या दिवशी मुक्त नृत्य. शेवटी 195.52 विरुद्ध 190.99. अमेरिकेचं आइस डान्समधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. त्या काळी कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले हे निकालपत्रकावरून कळत नसे. ती पद्धत 2016 नंतर गेली. त्यामुळे संशयाला मोकळं रान होतं आणि कॅनडातल्या चाहत्यांनी ते पुरेपूर वापरलं.

माझं मत विचाराल तर, साडेचार गुणांचा फरक पातळीच्या एका चुकीने भरून निघत नाही. मेरिल-चार्ली त्या मोसमात कुणाकडून हरले नव्हते. वेग आणि झेप त्यांच्याकडे जास्त होती. सोचीचा निकाल मला चोरीचा वाटत नाही. पण आपल्या माणसाची खात्री नसताना बर्फावर उतरावं लागणं, हे नुकसान निकालपत्रकात दिसत नाही.

मॉन्ट्रियल

सोचीनंतर मेरिल-चार्ली स्पर्धेत परतलेच नाहीत. टेसा-स्कॉटने दोन वर्षं विश्रांती घेतली आणि फेब्रुवारी 2016 मध्ये परतणार असल्याचं जाहीर केलं. कुणाकडे? मॉन्ट्रियलच्या मारी-फ्रान्स द्युब्रई आणि पात्रिस लोझाँ या नवराबायकोकडे. हे दोघं स्वतः 2006 आणि 2007 चे जागतिक रौप्यविजेते. 2006 च्या ऑलिंपिकमध्ये लिफ्टमधून पडून द्युब्रईला जबर मार बसला होता आणि त्यांना माघार घ्यावी लागली होती. शरीर ऐन वेळी कसा घात करतं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण त्या रिंकवर आधीपासून कोण होतं, तर फ्रान्सचे गाब्रिएला पापादाकिस आणि गियोम सिझरॉन. 2015 आणि 2016 चे जगज्जेते. म्हणजे कँटनमधून होरपळून निघालेली जोडी उठून पुन्हा जगातल्या अव्वल जोडीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बाहेरच्यांना हा खुळेपणा वाटला. या दोघांचं म्हणणं सरळ होतं: सर्वोत्तम जोडीला हरवायचं तर ती रोज डोळ्यांसमोर हवी.

फरक कुठे होता हे शोधताना मी एकेक गोष्ट खोडत गेलो. प्रतिस्पर्धी शेजारी: दोन्हीकडे तेच. नृत्यरचना एकाच हाताची: इथंही द्युब्रईचा हात दोन्ही जोड्यांच्या नृत्यांवर होता. राहिलं ते असं. मॉन्ट्रियलमध्ये मोठी माणसं तीन होती. तिसरा रोमाँ ओगनोए, जो पापादाकिस-सिझरॉनला लियाँपासून शिकवत होता आणि 2014 मध्ये त्यांच्याबरोबरच मॉन्ट्रियलला आला होता. फ्रेंच जोडीचा आपला हक्काचा माणूस होता, म्हणून द्युब्रई आणि लोझाँ कॅनडाच्या जोडीसाठी उभे राहिले की कुणाचं काही हिसकावलं जात नव्हतं. कँटनमध्ये श्पिलबँड गेल्यावर नेमकं हेच मोडलं होतं.

दुसरं, टेसा आणि स्कॉट आता रिकाम्या हाताने आले नव्हते. त्यांनी प्रशिक्षकांच्या बाहेर आपली माणसं उभी केली, मनाची तयारी करून घेणारा प्रशिक्षक त्यांतलाच. 2008 मध्ये जे दोन महिने कुणीच मधे पडलं नव्हतं, ती जागा या वेळी पगार देऊन भरली. मूलभूत स्केटिंगही नव्याने घोटलं, ढकल कुठून द्यायची इथपासून. वीस वर्षं एकत्र स्केटिंग केलेल्या ऑलिंपिक विजेत्यांनी पुन्हा बाराखडी गिरवायला बसायचं, हे ऐकायला सोपं आहे.

आणि तिसरं, वय. कँटनमधल्या दोन्ही जोड्या एका वर्गातल्या, एकाच वेळी शिखरावर जाऊ बघणाऱ्या. इथं टेसा-स्कॉट तिशीच्या घरातले, पापादाकिस-सिझरॉन विशीच्या सुरुवातीचे. एकाची शेवटची दोन वर्षं, दुसऱ्याची मधली. शिवाय या वेळी पाहुणे टेसा-स्कॉट होते. ते कुणाच्या तरी घरी, अटी माहीत असताना, स्वतःच्या पायांनी चालत गेले. फ्रेंच जोडीला काय वाटलं असेल याचा विचार मात्र फार थोड्यांनी केला. त्यांच्या तालमीत दोन थोरले मल्ल येऊन जोर मारू लागले होते, आणि त्यांना कुणी विचारलं होतं की नाही, देव जाणे.

2016-17 चा मोसम टेसा-स्कॉटने एकही स्पर्धा न हरता काढला. हेलसिंकीला तिसरं जागतिक अजिंक्यपद घेतलं. पण तिथं मुक्त नृत्यात जास्त गुण फ्रेंच जोडीला होते. शॉर्ट डान्सच्या आघाडीवर सुवर्ण वाचलं. डिसेंबर 2017 मध्ये नागोयाला ग्रांप्रीच्या अंतिम फेरीत तर पापादाकिस-सिझरॉन 202.16 आणि टेसा-स्कॉट 199.86. ऑलिंपिक दोन महिन्यांवर, आणि शेजारच्यांनी हरवलेलं. 2013 च्या फुकुओकाची आठवण यावी असाच हा क्षण. या वेळी मात्र प्रशिक्षकांबद्दलची कुजबूज ऐकू आली नाही.

0.79

फेब्रुवारी 2018, दक्षिण कोरिया, प्योंगचांग ऑलिंपिक. स्केटिंग गांगनुंगच्या रिंकवर, आणि तेही भर सकाळी, कारण अमेरिकेत तेव्हा रात्रीच्या टीव्हीची वेळ असते. 19 तारखेच्या शॉर्ट डान्सनंतर पहिल्या तीन जागांवर तीन मॉन्ट्रियलच्या जोड्या होत्या: टेसा-स्कॉट 83.67, पापादाकिस-सिझरॉन 81.93, आणि अमेरिकेचे हबेल-डोनोह्यू. मॉस्कोचं दृश्य पुन्हा, फक्त गावाचं नाव बदललेलं. फ्रेंच जोडीचं नशीब असं की नाचता नाचता पापादाकिसच्या पोशाखाची मानेमागची पकड सुटली आणि उरलेलं नृत्य तिने पोशाख सांभाळत पूर्ण केलं. तेवढ्याने किती गुण गेले हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही. 1.74 चा फरक मात्र पडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुक्त नृत्यात 123.35 मिळवले. एकूण 205.28, जागतिक विक्रम. टेसा-स्कॉट त्यांच्यानंतर उतरले. 122.40. मुक्त नृत्यात ते 0.95 ने मागे पडले. 1.74 मधून 0.95 वजा केले की उरतात 0.79. एकूण 206.07, काही मिनिटांपूर्वीचा विक्रम मोडून. ट्विझलमधली एक पातळी इकडेतिकडे झाली असती, एखादं हूक सुटलं नसतं, तर हाच लेख मला उलटा लिहावा लागला असता.

म्हणून सावधपणे सांगतो. 0.79 वरून मॉन्ट्रियलची व्यवस्था श्रेष्ठ होती असं सिद्ध होत नाही, जसं सोचीतल्या 4.53 च्या फरकावरून कँटनची वाईट होती असं होत नाही. मी बघतो ते हरण्याच्या पद्धतीकडे. नागोयात हरून ही जोडी त्याच बर्फावर परतली आणि कामाला लागली. लंडन आणि फुकुओकात हरल्यावरही परतली होती, पण तेव्हा रिंकवर पाय ठेवताना आधी कठड्यापाशी कोण उभं आहे हे बघावं लागत होतं.

17 सप्टेंबर 2019 ला दोघांनी निवृत्ती जाहीर केली. पापादाकिस-सिझरॉनने 2022 मध्ये बीजिंगला सुवर्ण घेतलं, हबेल-डोनोह्यूने कांस्य. मधलं रौप्य रशियाच्या जोडीने नेलं. मॉन्ट्रियलकडे जोड्यांचा ओघ वाढतच गेला आणि अकादमीने शाखा काढल्या. त्यांतली ऑन्टारिओतल्या लंडनची शाखा स्कॉट मॉयर चालवतो, इल्डर्टनच्या हाकेच्या अंतरावर. कॅनडाचे मार्जरी लाजवा आणि झॅकरी लागा तिथंच सराव करतात, आणखीही जोड्या असतात. कठड्यापाशी आता स्कॉट उभा असतो. एका जोडीचं संगीत लागतं, बाकीच्या कडेने जातात, आणि त्या जाता जाता त्याच्याकडे बघतात.